बाबांचे पाच पाइन आणि माझी आठ वर्षांची थाप

"ह्यांची झाडं तेवढी दाखव, मग लंडन नाही पाहिलं तरी चालेल," नागपूरहून आलेल्या आईने हीथ्रोवरच सांगून टाकलं. मी तिची बॅग ओढत घाईघाईने पुढे झाले.

आठ वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा मी स्कॉटलंडच्या एका डोंगरावर व्हॉलंटियर म्हणून गेले आणि त्यांच्या नावाने पाच पाइनची रोपं लावली. रोपं प्लास्टिकच्या नळीत घालून दिलेली. आपल्याकडे नर्सरीतलं रोप लावताना काळी पिशवी काढतातच ना! तोच हात चालला. पाचही नळ्या काढल्या, गेटजवळच्या पेटीत नीट रचून ठेवल्या आणि परतीच्या ट्रेनमध्ये माहितीपत्रक उघडलं. नळी हरणांपासून वाचवायला असते, नाहीतर ती शेंडा खातात. मेले! फोन करून विचारायची हिंमतच झाली नाही. दर रविवारी आई विचारायची, "झाडं कशी आहेत?" आणि मी बेधडक सांगायचे, "मस्त!"

तर निघालो. आई, मी आणि इथे लंडनच्या एजवेअरलाच जन्मलेली माझी तेरा वर्षांची लेक सुजाता. यूस्टन स्टेशनहून ग्लासगोची ट्रेन. तिकीट महिनाभर आधी काढा, ऐनवेळी फार महाग पडतं. रात्री ग्लासगोत मुक्काम, सकाळी भाड्याची गाडी घेऊन ए-नाइनने उत्तरेला. या रस्त्यावर कॅमेरे सरासरी वेग मोजतात, तेव्हा हुशारी नको. वाटेतल्या कॅफेत लेंटिल सूप घेतलं. "अगं, हे तर आपलं वरण!" म्हणत आईने पर्समधून तिखट पुऱ्या काढल्या.

"या डोंगरांना टक्कल का पडलंय?" तिने गाडीत विचारलं. म्हटलं, शेकडो वर्षं झाडं तोडली, वर मेंढ्या आणि हरणं चरली. पहिल्या महायुद्धात लाकूड पुरेना, तेव्हा कुठे सरकारचे डोळे उघडले. मग भराभर परदेशी स्प्रूस लावले, कवायतीला उभे केल्यासारखे. इथलं मूळचं जंगल परत आणायचं काम खरं आता आता जोर धरतंय. हे सगळं मी फाडफाड बोलत होते, कारण गप्प बसले असते तर रडले असते.

गेटवर रेंजरबाईंनी रजिस्टर उघडलं, नाव शोधलं आणि मान वर केली. "अच्छा! नळ्या काढून पेटीत रचून ठेवणाऱ्या तुम्हीच का?"

"काय म्हणतेय ती?" आईने विचारलं.

आता लपवणार काय? सगळं सांगितलं. खाली बघून म्हटलं, "आई, झाडं बहुतेक नाहीत गं. मी आठ वर्षं थाप मारली तुला." रेंजरबाई म्हणाल्या, "आधी चला तर माझ्याबरोबर."

पंधरा मिनिटांची चढण. मिजेस नावाच्या बारीक माश्या नुसत्या फोडून काढतात, डोक्याची जाळी न्याच. बाई सांगत होत्या, पहिल्या हिवाळ्यात हरणांनी शेंडे खाल्लेच. मग नळ्या परत घातल्या आणि पुढे सगळ्या उतारालाच कुंपण झालं.

"आजी, बघ! किती मोठा झाड!" सुजाता आपल्या लंडनी मराठीत ओरडली.

पाचही होती! माझ्या डोक्याच्या वर गेलेली, फक्त शेजाऱ्यांपेक्षा बुटकी. शेंडा खाल्ला होता तिथून प्रत्येकाला दोन-दोन फांद्या फुटलेल्या. मी तिथेच ओल्या गवतात फतकल मारली आणि हसत सुटले. आठ वर्षांनी श्वास मोकळा झाला माझा.

आईने एका झाडाच्या बेचक्यावरून हात फिरवला. "ह्यांचं प्रमोशन तीनदा अडवलं लोकांनी. थांबले का हे?" मग तिने हात जोडून त्रिशरण म्हटलं. सुजाता अडखळत मागून म्हणत होती. रेंजरबाईंनी टोपी काढली.

"आणि तू," उतरताना आई म्हणाली, "एवढ्याशा गोष्टीसाठी आठ वर्षं जिवाला घोर लावून घेतलास? मला सांगायचंस ना, वेडे!"

आता आई नागपूरला परतली. इथे एजवेअरला माझ्या बुटांवरचा चिखल अजून तसाच आहे. काल रविवारी फोन आला.

"झाडं कशी आहेत?"

"वाकडी आहेत गं," मी म्हटलं, "पण आहेत."