फोटोकाकांचा चेहरा बंद पडतो

फोटोकाकांचं खरं भांडवल कॅमेरा नव्हे, थोबाड. शाळेच्या प्रवेशासाठी फोटो काढायला आणलेलं पोर कितीही भोकाड पसरणारं असो, काका एक भुवई वर, एक खाली करायचे, गाल फुगवून हवा या गालातून त्या गालात फिरवायचे आणि पोर खिदळलं की बटण दाबायचे. मोठ्यांसाठी वेगळा माल असे. टकलावर चार केस आडवे चिकटवून आलेल्या साहेबांना ते म्हणायचे, "साहेब, लाइट जरा कमी करतो, नाहीतर फोटोत दोन बल्ब दिसतील." साहेबही हसायचे, कारण बोलणाऱ्याचा चेहराच तसा होता.

गेल्या वर्षभरात मात्र काहीतरी बिनसलं. तेच काका, तेच विनोद, पण गिऱ्हाइकं हसेनात. बल्बचा विनोद ऐकून एक साहेब खुर्चीतून उठून चालते झाले. पोरं तर काकांना बघताच आईच्या कुशीत तोंड खुपसायची. हल्ली माणसंच रडतोंडी निपजतात, असं काकांनी ठरवून टाकलं.

घरात वेगळंच ठरलं होतं. काकू स्टुडिओचं काउंटर सांभाळायच्या, फोटो कापायच्या आणि गिऱ्हाईक बाहेर पडलं की त्याची हुबेहूब नक्कल करायच्या. लग्न झाल्यापासून या नकलांना एकच प्रेक्षक होता आणि तो आता वर्षभर एरंडेल प्यायल्यासारखा बघत बसला होता. काकूंनी आधी टोमणे मारून पाहिले, मग अबोला धरला आणि शेवटी आपल्या थोरल्या बहिणीला फोन केला. "ताई, मी येतेय तुझ्याकडे. राहायलाच. या माणसाला माझा कंटाळा आलाय." त्यांनी बॅग भरली आणि स्टुडिओच्या कोपऱ्यात आणून ठेवली. बॅग बघून काका हादरले. ते चेहऱ्यावर काही दिसलं नाही, म्हणून काकूंनी रागाने आणखी दोन स्वेटर कोंबले.

जायच्या आधी एक काम उरकायचं होतं. दुकानाच्या काचेत नमुना म्हणून काकांचाच हसरा फोटो लावलेला होता. उन्हाने तो इतका पांढरा पडला होता की नुसते दात शिल्लक होते. "नवा काढून ठेवते. मी गेल्यावर तेवढंही व्हायचं नाही तुमच्याच्याने," असं म्हणत काकू कॅमेऱ्यामागे उभ्या राहिल्या.

"हसा."

"हसतोय की."

"अहो, हसा म्हणतेय. ओळखपत्राचा फोटो नाहीये हा."

"अगं, याहून जास्त हसलो तर कवळी पडेल."

काकांनी स्क्रीनवर फोटो पाहिला. आपण मनापासून हसलो होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. इथे तर शोकसभेत दुसऱ्या रांगेत बसलेला माणूस दिसत होता. "लेन्सला बुरशी लागलीय," ते म्हणाले. लेन्स बदलून झाली, दिवे सरकवून झाले, शोकसभा काही संपेना. शेवटी कॅमेरा तपासायला म्हणून त्यांनी काकूंचा फोटो काढला. तो झकास आला, कपाळावरच्या एकूण एक आठीसकट.

काका स्टुलावर बसले. जन्मभर लोकांच्या चेहऱ्यांवर पोट भरलं आणि स्वतःच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलत नाही, हे आज कळत होतं. त्यांना खरोखर भीती वाटली.

बॅग तशीच ठेवून काकूंनी त्यांना मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर मुलीच्या वयाची निघाली. तिने काकांना चालवलं, बोटं आपटायला लावली, चार ओळी लिहायला लावल्या. चालताना डावा हात अंगाला चिकटलेला आणि ओळीच्या शेवटी अक्षर मुंगीएवढं. "कंपवात," ती म्हणाली.

"माझं तर काहीच कापत नाही!"

"सगळ्यांचं कापत नाही, काका. काहींचे स्नायू आधी आखडतात, हालचाली मंदावतात. चेहऱ्याच्यासुद्धा. तुम्हाला हसू येतं, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. आवाजही बारीक होत जातो. हा आजार मुळापासून जात नाही, पण गोळ्या आणि व्यायाम सोडले नाहीत तर पुष्कळ वर्षं निभेल. रोज आरशासमोर भुवया उचला, गाल फुगवा आणि बोलायचं ते मोठ्याने बोला."

"भुवया? गाल? डॉक्टरबाई, तुम्ही माझ्या धंद्यात उतरताय की काय?"

तो दगडी चेहरा बघून डॉक्टर चपापली आणि उगाच कागद चाळू लागली. तेव्हा काकू म्हणाल्या, "रागावले नाहीत ते. विनोद करताहेत."

परतीच्या बसमध्ये काकूंनी उलटतपासणी सुरू केली.

"म्हणजे वर्षभर तुम्ही हसत होतात?"

"होतो."

"त्या खोकणाऱ्या वकिलाची नक्कल केली तेव्हा?"

"पोट दुखेपर्यंत."

"मी केस कापून आले तेव्हा?"

"तेव्हाही."

"बरं झालं दिसलं नाही," काकू म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून त्यांनी डोळे पुसले.

बातमी फुटली. शेजारचा शिंपी समाचाराला आला आणि कंपवाताचा कंप कधी सुरू होतो, याची वाट बघत काकांच्या हाताकडे टक लावून बसला. बिचाऱ्याची निराशा नको म्हणून काकांनी हात जोरात थरथरवला. शिंप्याच्या हातून चहाचा कप पडला.

बॅग मात्र कोपऱ्यात तशीच होती. चार दिवसांनी काकांनी मनातली सल बोलून टाकली. "आजाऱ्याची कीव येऊन राहणार असशील तर राहू नकोस. जा ताईकडे."

"कीव? तुमची? जा, आरशापुढे उभे राहा. व्यायाम राहिलाय," काकू म्हणाल्या. पण बॅग उघडली नाही आणि पुन्हा विचारायची काकांची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई आपल्या मुलीला फोटोसाठी घेऊन आली. मुलगी दारातूनच रडत आली होती. काकांनी व्यायामातले गाल फुगवले. डावा काही फुगला नाही. दाढ सुजल्यासारखं ते ध्यान बघून मुलीने वरचा सूर लावला. काका ओशाळले आणि उगाच कॅमेऱ्याशी झटू लागले.

अचानक रडणं थांबलं. मुलगी काकांच्या खांद्यावरून मागे बघत होती. मग ती खुदकन हसली. काकांनी बटण दाबलं आणि वळून पाहिलं.

मागे काकू उभ्या होत्या. बॅग सताड उघडी होती आणि त्यातला एक स्वेटर काकूंच्या डोक्याला गुंडाळलेला होता. एक भुवई वर, एक खाली. हवा या गालातून त्या गालात. ती काकांचीच नक्कल होती, अगदी हुबेहूब.

काकांना आतून असं काही हसू फुटलं की दम लागला. हे काही चेहऱ्यापर्यंत पोचायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे मोठ्याने, पार रस्त्यावर ऐकू जाईल असं ओरडले, "हसलो!"

मुलगी दचकली आणि तिने पुन्हा भोकाड पसरलं.

"घ्या! अजून एक काढायचा होता. आता परत पहिल्यापासून," काकू म्हणाल्या आणि त्यांनी बॅगेतून दुसरा स्वेटर ओढला.