हलगी थांबली की

आबांचं उजवं अंग गेलं त्या वर्षी मी बारामतीहून माझा जुना कम्प्युटर गावी, डाळजला नेला आणि त्यांच्या खाटेसमोरच्या टीव्हीला जोडून दिला. माझे वडील तरुणपणी जत्रेतल्या कुस्त्या मारलेले. आजारपणानंतर त्यांचं बोलणं दोन-चार शब्दांवर आलं होतं, पण कुस्ती लागली की डोळ्यांत जीव यायचा. गावोगावच्या कुस्त्यांचे व्हिडिओ मी त्यात भरले आणि आईनं सकाळी एकदा सुरू केलं की संध्याकाळपर्यंत एकामागून एक लागत राहतील अशी सोय केली. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

कम्प्युटरला मात्र ती मान्य नव्हती. कुस्ती ऐन रंगात आली की तो पडद्यावर इंग्रजी चौकट आणून ठेवायचा. अपडेट आलाय, आता करू की नंतर? उत्तर मिळेपर्यंत सगळं जागच्या जागी. आई वैरणीला नाहीतर दूध घालायला गेलेली. आबांना खाटेवरून उठता येत नसे. एकमेकांच्या मानेत हात अडकवून थांबलेले दोन पैलवान बघत ते पडून राहायचे. हे आईकडून कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं आणि त्या यंत्राचा मनस्वी राग आला.

पण आईनं पुढं जे सांगितलं ते मी तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं. तात्या घरी येऊन गेले होते.

तात्या म्हणजे माझे चुलते, आबांचे धाकटे भाऊ. घर बांधापलीकडं, हाकेच्या अंतरावर. त्याच बांधावरचं जांभळीचं झाड त्यांनी न विचारता तोडलं, आणि तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण एवढं की एका घरचं पाणी दुसऱ्या घरात प्यायचं नाही. आबा आजारी पडले तेव्हा तात्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत येऊन परत गेले, हेही आम्हाला दुसऱ्यांकडून कळलं.

आबांना कमी ऐकू येतं म्हणून टीव्हीचा आवाज मोठा असे, आणि व्हिडिओतल्या कुस्तीच्या फडातली हलगी तात्यांच्या गोठ्यापर्यंत वाजायची. त्या दिवशी ती मध्येच थांबली. घरात आबा एकटे आहेत हे तात्यांना ठाऊक होतं. ते हातातलं टाकून धावत आले. आबा धडधाकट नसले तरी जागे आहेत हे बघितल्यावर उंबऱ्यावरच थबकले. तेवढ्यात परतलेल्या आईला म्हणाले, "आवाज बंद झाला म्हणून बघाया आलो."

चौकट घालवायचं बटण मी फोनवर आईला सांगितलं, आणि पुढच्या वेळी तिनं ते तात्यांना दाखवलं. मग रीतच पडली. चौकट आली की हलगी थांबायची, तात्या यायचे, बटण दाबायचे आणि ती कुस्ती निकाली निघेपर्यंत उंबऱ्यावर बसायचे. चहाला नाही म्हणायचे. दोघं भाऊ टीव्हीकडं बघायचे, एकमेकांकडं नाही.

यातली तात्यांची पहिली फेरी तेवढी आईनं मला सांगितली होती; ही रीत कळली असती तर पुढचा उद्योग मी केला नसता. एका रविवारी जाऊन मी ते अपडेट कायमचे बंद करून टाकले. वर आबांच्या डाव्या हाताशी एक छोटा रिमोट ठेवला, कुस्ती थांबवायला आणि सुरू करायला. आबांनी माझं काही कौतुक केलं नाही. नुसते दाराकडं बघत राहिले.

थोड्याच दिवसांनी आईचा फोन आला की कम्प्युटर पुन्हा मध्येच बंद पडतोय. माझं डोकंच फिरलं. सुट्टी मिळताच डाळज गाठलं, आई रानात होती. आबांशी दोन शब्द बोलून मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. माठावरचं झाकण काढलं आणि हलगी थांबली.

दाराच्या फटीतून बघितलं. पडद्यावर चौकट नव्हती. आबांनी रिमोटचं बटण दाबून हात चादरीवर ठेवला होता, आणि त्यांची नजर दारावर होती.

तात्या आले. त्यांनी पडद्यावर चौकट शोधली, ती सापडली नाही. मग त्यांचं लक्ष आबांच्या हातातल्या रिमोटकडं गेलं. या वेळी ते उंबऱ्यावर बसले नाहीत. आत येऊन खाटेच्या कडेला टेकले.

"परत बंद पडलं का, दादा?"

"व्हय," आबा म्हणाले.

तात्यांनी आबांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून बटण दाबलं. हलगी सुरू झाली. मग आबांच्या कानाशी वाकून ते म्हणाले, "पोरीला सांगू नगं. ती दुरुस्त करून ठेवंल."

हलगीचा आवाज एवढा मोठा होता की आत मी रडले ते दोघांपैकी कुणालाही ऐकू गेलं नाही.