आकड्यांनो, दाहिने सज!

आईशप्पथ सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे शब्द खरे आहेत. घडलेलं थोडं इकडंतिकडं झालं असेल. नाशकात, पंचवटीत, पिठाच्या गिरणीच्या वर माझा कॉम्प्युटर क्लास आहे. दुपारची बॅच मोठ्या माणसांची. त्यांना पहिले पंधरा दिवस मी एकच गोष्ट शिकवतो: प्रोग्रॅममधून मजकूर नीट छापायचा कसा. खाली पीठ साठतं, वर किस्से. गिरणीवाला निदान झाडून तरी काढतो!

*

वंदनाताई मखमलाबादकडच्या. घरी भाजीचा मळा. सीझनला पिंपळगावच्या एका पॅकहाउसमध्ये दिवसभर उभं राहून कात्रीनं द्राक्षांचे घड साफ करायच्या. मालकानं शब्द दिला होता, "रोजच्या आवकेची यादी सरळ रकान्यांत छापून दाखव, कॉम्प्युटरची खुर्ची तुझी." संधी एकच, ट्रायलची.

"सर, मला बाकीचं काय नको," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "रकाना सरळ यायला पाहिजे. मेथीच्या वाफ्यासारखा. सहा वर्षं उभी हाय मी."

आणि बसल्या स्पेसबार दाबत. प्रत्येक ओळीला बोटांवर मोजून. तासाभरात यादी सरळ! मग मी एक वजन बदलून नव्वदचं एकशे नव्वद केलं. ओळ वाकडी.

म्हटलं, "ताई, जागा आधीच राखून ठेवायची असते. नावाला पंधरा घरं, वजनाला आठ. उरलेली घरं कॉम्प्युटर स्वतः मोकळी सोडतो."

"मग आधी सांगायचं ना! मी मघापासून खुरपतीये!"

*

नावं डावीकडून सुरू करायची, आकडे उजवीकडे टेकवायचे. एकक एककाखाली आलं पाहिजे. हे समजवायला मला एरवी आठवडा लागतो.

शेळके हवालदार देवळाली कॅम्पचे. तोफखान्यातून रिटायर झालेले. माझं बोलणं दोन मिनिटं ऐकलं आणि ताडकन उभे राहिले.

"मास्तर, बसा तुम्ही." मग स्क्रीनकडे बघून परेडच्या आवाजात गरजले, "नावं, बाएँ सज! आकडे, दाहिने सज!"

सगळ्या बॅचला एका मिनिटात कळलं. एवढंच नाही, खाली दळणाला थांबलेल्या माणसांनीही रांग सरळ केली!

*

एकदा वंदनाताईंनी दोन पुड्यांची बेरीज छापली. एक शंभर ग्रॅम, एक दोनशे. किलोत ०.१ आणि ०.२. उत्तर यायला हवं ०.३. स्क्रीनवर आलं ०.३, मग शून्यांची लांबलचक शेपटी आणि टोकाला चार.

"सर, हे चार कुठून आलं?"

"ताई, कॉम्प्युटरचं आतलं गणित थोडं वेगळं असतं. दशांशात असं कधीकधी..."

"वजनकाटा पुसला नाय वाटतं त्यानं, आधीचं चिकटलंय!"

मी त्यांना दशांशानंतर दोनच आकडे छापायला शिकवलं. ०.३० आलं. त्यांनी संशयानं विचारलं, "मग ते चार गेलं कुठं?"

"आतच आहे. दिसत नाही एवढंच."

"हां. पाहुणे आले की पसारा कॉटखाली. तसंच ना?"

मी गेली अठरा वर्षं शिकवतोय. इतकं सोपं मला कधी सांगता आलं नाही.

*

देवरेकाकांचं वणीला नारळ-ओटीचं दुकान. त्यांना दुकानासाठी पाटी छापायची होती: 'चपला बाहेर काढाव्यात.' प्रोग्रॅममध्ये त्यांनी 'पुन्हा पुन्हा छाप' असं लिहिलं. कधी थांबायचं ते लिहायचं राहिलं. आमचा प्रिंटर जुना, सलग कागदाचा. सुटला तो सुटलाच. कागद दारातून जिन्यात, जिन्यातून गिरणीत, गिरणीतून रस्त्यावर.

मी घाईघाईनं वायर उपटली, तोवर एक रिक्षावाला कागद हातात धरून, ओळन् ओळ वाचत वर आला. चपला बाहेर काढून!

"काय पाहिजे?" मी विचारलं.

"काही नाही. शेवट काय होतो ते बघायला आलोय."

*

आता ट्रायलचा दिवस. वंदनाताईंची यादी क्लासमध्ये चोख यायची, कारण नावं आम्ही इंग्रजी अक्षरांत लिहायचो. पॅकहाउसवर मालक म्हणाला, "मराठीत पाहिजे. बागायतदारांना वाचता आलं पाहिजे."

ताईंनी मराठीत नावं घातली. रकाने वाकडे! आपल्याला 'ज्ञानेश्वर' चार अक्षरांचं दिसतं. कॉम्प्युटर काना, मात्रा, जोडाक्षर सगळं सुटं मोजतो. त्याच्या हिशेबी ते दहा. म्हणून तो पुढं मोकळी घरं कमी सोडतो आणि वजन आत सरकतं. 'पवन' मात्र सरळ तीनच. एक ओळ दारात, एक ओळ अंगणात!

मालकानं घड्याळाकडे पाहिलं. "अर्धा तास देतो. टेम्पो लागलाय, मला यादी पाहिजे."

ताई बाहेर आल्या आणि मला फोन केला. "सर, गेली खुर्ची. नावं ऐकत नायत."

मी शांतपणे म्हणालो, "ताई, नाव शेवटी घ्या. आधी नंबर, मग वजन, मग पेट्या आणि ओळीच्या टोकाला नाव. त्याच्यापुढं काही नाहीच, तर वाकडं काय होणार?"

यादी निघाली. मालकानं कागद हातभर लांब धरला. आकडे सुतासारखे सरळ.

"सगळीकडं नाव पहिलं असतं. हे शेवटी का?"

वंदनाताई म्हणाल्या, "ज्याच्याकडं बोचकी जास्त, त्यानं एसटीत मागच्या सीटवर बसावं. मधी उभा राहिला की सगळ्यांना तिरकं व्हावं लागतं."

मालकानं कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीवरचं स्वतःचं जर्किन उचललं.

हे मी सगळीकडे असंच सांगतो. फक्त एक गोष्ट माझ्या पदरची. तो फोन मी उचललाच नव्हता. जेवून झोपलो होतो. उठलो तेव्हा मोबाइलवर तीन मिस्ड कॉल होते आणि एका सरळ यादीचा फोटो.