श्लेस्विगच्या तासाला अण्णा
निपाणीच्या स्टँडवर अण्णा माझ्याबरोबर बसमध्ये चढले, बॅग वर ठेवली, खिडकी सरकते का ते पाहिलं आणि खाली उतरले. अण्णा म्हणजे माझे वडील, कर्नाटक सरकारच्या मराठी शाळेत मास्तर. सीमाप्रश्नाच्या मोर्च्याला ते रजा टाकून जायचे आणि नोकरीमुळे मागच्या रांगेत चालायचे. रेघ मारताना आम्हाला कुणी विचारलं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "शिकून घे. पण तिकडची होऊ नकोस."

मी बंगळुरूला पीएचडीला निघाले होते. युरोपात राज्यं कशी उभी राहिली आणि मताचा हक्क माणसांपर्यंत कसा पोहोचला, याचा तुलनात्मक अभ्यास. फ्रान्सच्या खेड्यांतल्या पुरुषांना मत आधी मिळालं. त्यातल्या कित्येकांच्या घरी फ्रेंच बोललंच जात नव्हतं. ते पुढे शाळामास्तरांनी शिकवलं. डेन्मार्क-जर्मनीच्या सीमेवरच्या श्लेस्विगचा प्रकार वेगळा. डेन्मार्क की जर्मनी, असं तिथल्या लोकांना पहिल्या महायुद्धानंतर मतपेटीतून विचारलं गेलं. मी हा विषय का निवडला, ते निपाणीकरांना सांगायला नको.

माझ्या गाइड मॅडम धारवाडच्या. जर्मन शीकच, पण आधी कन्नड नीट शीक, असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं. शाळेत मला कन्नड होतं, पण परीक्षेपुरतं. इथे ते भाजीवाल्या अक्कांनी आणि रिक्षावाल्यांनी शिकवलं. बंगळुरूतल्या हेब्बाळला माझ्याबरोबर पुण्याच्या दोघी आयटीतल्या मुली राहायच्या. मी कर्नाटकातलीच, हे त्यांना बरेच दिवस पटत नव्हतं. फोनवर माझ्या तोंडून "थोडं थांब"ऐवजी कानडी वळणाचं "स्वल्प थांब" गेलं की आई हसायची. अण्णा फोन ठेवायचे.

पुढे मल्लेश्वरमच्या एका कॉलेजात नोकरी लागली आणि मी मतदार यादीतलं नाव बंगळुरूला आणलं. राहते तिथे मत द्यावं, एवढाच विचार. अण्णांना ते आईकडून कळलं. त्यांनी स्वतः फोन केला. "इथलं एक मराठी मत कमी केलंस," म्हणाले, आणि त्यानंतर चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. त्या काळात मी लोकशाहीवर दोन निबंध लिहून छापले. वडिलांना एक पत्र लिहायला मात्र जमलं नाही.

मग त्यांच्या मोतीबिंदूचं निघालं आणि आईने त्यांना जवळजवळ ढकलूनच माझ्याकडे पाठवलं. ऑपरेशन नीट झालं. आठवड्याने, घरी एकटा बसून काय करू, म्हणून काळा चष्मा लावून ते माझ्याबरोबर कॉलेजात आले आणि शेवटच्या बाकावर बसले. त्या दिवशी नेमकं श्लेस्विग होतं. मी इंग्रजीत, मध्येमध्ये कन्नडमध्ये शिकवत होते. कौल घेऊन सीमा आखली, तरी दोन्ही बाजूंना थोडे थोडे परके राहिलेच, असं सांगून थांबले. अण्णांनी हात वर केला.

"कौल झाल्यावर जे पलीकडे राहिले, त्यांच्या पोरांच्या शाळांचं काय झालं?" त्यांनी मराठीतच विचारलं.

मी प्रश्न वर्गाला कन्नडमध्ये सांगितला आणि उत्तर दिलं. बरीच वर्षं वाईट गेली. पुढे दोन्ही देशांनी मान्य केलं, की आपण कोण हे माणसाने स्वतः ठरवायचं आणि सरकारने ते तपासत बसायचं नाही. दोन्हीकडे त्यांच्या भाषेच्या शाळा आजही आहेत.

होसकोटेहून येणारी एक मुलगी उठली. मागे वळून अण्णांनाच कन्नडमध्ये सांगू लागली, की आमच्या घरी तेलुगू, शाळेत कन्नड आणि इथे इंग्रजी; आम्हालाही कुणी विचारलं नाही, पण आमची आजी अजून हिशेब आणि भांडण तेलुगूतच करते. वर्ग हसला. मी भाषांतराला तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णा बोलायला लागले. स्वच्छ, व्याकरणशुद्ध कन्नडमध्ये. आजी कोणत्या गावच्या, तुला तेलुगू लिहिता येतं का, येत नसेल तर त्यांच्याकडून शिकून घे. मुलगी म्हणाली, "सरी, मेष्ट्रे." बरं, मास्तर.

जन्मात मी त्यांच्या तोंडून कन्नडचा एक शब्द ऐकला नव्हता.

परतताना रिक्षात मी विचारलं, कधी शिकलात? ते बाहेर बघत म्हणाले, "खात्याचे सगळे कागद कन्नडमध्येच असतात. जनगणना, इलेक्शन ड्यूटी, सगळं केलं. नोकरीची भाषा ती, घरात कशाला आणायची?"

फ्रान्सच्या शाळामास्तरांवर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. राज्य गावापर्यंत कोण नेतं, हे त्यात पुराव्यानिशी होतं. जे राज्य आपलं नाही असं म्हणायचं, त्याच राज्याच्या मतपेट्या लाखेने सील करणारा माणूस आमच्याच घरात जेवत होता, आणि मला तो त्यात दिसला नव्हता.

अण्णांनी यादीतलं माझं नाव निपाणीला परत आणायचा आग्रह सोडला, असं मात्र नाही. जाताना पुन्हा सांगून गेले, आणि मी पुन्हा नाही म्हटलं. पण आता आमचं भांडण बोलून होतं.

निपाणीत राहिलेल्यांना वाटतं मी तिकडची झाले. माझ्यासारख्या इथे आलेल्यांना वाटतं, एव्हाना मी हे सगळं सोडून द्यायला हवं होतं. घर कुठलं विचारलं तर मी निपाणी सांगते, आणि मत इथे देते. मागच्या निवडणुकीला मी केंद्रावर उभी असताना सकाळीच अण्णांचा फोन आला. कुणाला देणार, ते त्यांनी विचारलं नाही. रांग किती आहे आणि बायकांची वेगळी लावली आहे का, एवढं विचारून घेतलं.