पाचव्या होलवरचा दगड

माणसावर चटकन विश्वास ठेवायची सवय मला नाही, आणि याचा दोष मी माझ्या नोकरीला देतो. सगळं आयुष्य भूमापन खात्यात गेलं. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या जवळजवळ प्रत्येक गावाच्या बांधावर मी कधी ना कधी उभा राहिलो आहे, आणि जिथं उभा राहिलो तिथं हद्दीचा दगड थोडा तरी सरकलेला होता. सरकवणारा माणूस मला लांबूनही ओळखू यायचा. तो मोजणीच्या आधी आग्रह करून चहा पाजतो आणि दगडाकडे एकदाही बघत नाही.

असा मी साठी उलटल्यावर गोल्फ खेळायला लागलो. बायको म्हणाली, “आता हेच राहिलं होतं.”

मला त्यात ओढलं माझ्या मित्राने. मुरबाडच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. एकाच ट्रंकेला दोघांची कुलपं होती. पुढे तो धसईला हेडमास्तर झाला, मी मोजणीची साखळी घेऊन डोंगर हिंडलो, पण मैत्री तुटली नाही. धसईच्या वाटेवर एका माळावर नऊ होलचा छोटासा कोर्स झाला, तेव्हा क्लबवाल्यांनी आसपासच्या आठ-दहा निवृत्तांना बुधवारी खेळायची मुभा दिली. शनिवार-रविवार मुंबईची गाडीवाली मंडळी, बुधवार आमचा. गंमत म्हणजे त्या माळाची मोजणी मीच केली होती. ओढा, साग, बांध, सगळं माझ्या हाताने नकाशावर उतरवलं होतं.

मला या खेळात एकच गोष्ट मनापासून पटली. बॉल जिथं पडला तिथूनच मारायचा. खड्ड्यात पडो, मुळांत अडको, हात लावायचा नाही. ज्याचे फटके कमी तो जिंकतो; हात लावला तर दंडाचा एक जास्तीचा फटका स्वतःच्या नावावर लिहायचा. वर पंच नसतो. आपणच खेळायचं आणि खरं आपणच सांगायचं. दुसऱ्या खेळाडूने आपल्या फटक्यांचं कार्ड लिहायचं आणि शेवटी सही करायची, एवढीच काय ती तपासणी. हे ऐकल्यावर मी मित्राला म्हणालो, “असा खेळ आपल्या तालुक्यात चालायचा नाही.” तो नुसता हसला.

पहिले सहा महिने मी बॉलपेक्षा माती जास्त उडवली. माझा फटका हटकून उजवीकडे वळायचा आणि करवंदाच्या जाळीत जाऊन पडायचा. तिथून बाहेर निघेपर्यंत हात ओरबाडलेले आणि फटक्यांचा आकडा आठवर गेलेला. उन्हाळ्यात जमीन अशी कडक व्हायची की बॉल टणाटण उड्या मारत थेट ओढ्यात. दुसऱ्या होलवर टिटवीने मधोमध अंडी घातली होती, ती माझ्या डोक्यावर झेपा घ्यायची. बारीक कापलेल्या गवताच्या ग्रीनवर तर बॉल भोकाच्या कडेवर बसून राहायचा, आत जायचा नाही. मी शिव्या द्यायचो. आणि मग एखाद्या बुधवारी, काही कारण नसताना, एक फटका असा लागायचा की आवाजावरूनच कळायचं. तेवढ्यावर मी आठवडा काढायचो. शहापूरला घरी येऊन छत्री घेऊन अंगणात तो फटका पुन्हा पुन्हा मारायचो.

मित्राचं उलट. त्याचा बॉल डावीकडे वळायचा. आता पाचव्या होलबद्दल सांगतो, कारण सगळं रामायण तिथंच झालं.

पाचव्या होलवर समोर एक टेकाड आहे. बॉल टेकाडापलीकडे पडतो, तो आपल्याला दिसत नाही. म्हणून बॅगा उचलणारी बाई आधीच टेकाडावर जाऊन उभी राहते आणि कुठं पडला ते सांगते. आम्हा दोघांना मिळून एकच बाई होती, पलीकडच्या वाडीतली, पन्नाशीची. दोन्ही बॅगा खांद्यांवर घेऊन ती आमच्यापेक्षा ताठ चालायची. तिची पोरं मित्राच्या शाळेत शिकलेली, म्हणून तो ‘गुरुजी’ आणि मी नुसता ‘साहेब’. टेकाडापलीकडे उजवीकडे माझी करवंदं. डावीकडे सहा-सात साग आणि त्यांच्या बुडाशी एक शेंदूर लावलेला दगड. दगडाभोवती मुळं, खाचा, पाचोळा. तिथं पडलेला बॉल मारणं जवळजवळ अशक्य.

माझ्या मित्राचा बॉल दर दोन-तीन बुधवारांनी डावीकडे त्या सागांच्या दिशेने जायचा. आणि दर वेळी सापडायचा कुठं? दगडापासून आठ-दहा पावलांवर, मोकळ्या गवतात, ताटात वाढल्यासारखा.

एकदा झालं, मी नशीब म्हटलं. दुसऱ्यांदा मला शंका यायला लागली. माझा गुडघा दुखरा, मी टेकाड सावकाश चढतो. तो मात्र पाचव्यावर भराभर पुढे जायचा, इतर होलवर नाही. मी पोचेपर्यंत तो बॉलजवळ उभा, बाई बाजूला खाली बघत. दोघं एकमेकांशी काही बोलत नसत. मला तेच जास्त खटकायचं. एकदा मी विचारलं, “सागात गेला होता ना रे?” तो म्हणाला, “गेल्यासारखा वाटला खरा.” आणि दगडाकडे एकदाही बघितलं नाही.

मी वही सुरू केली. हसू नका, मी तसाच आहे. बॉल कोणत्या दिशेने गेला, कुठं सापडला, दगडापासून किती पावलं. माझं पाऊल अडीच फुटांचं, ते चुकत नाही. आणखी एक गोष्ट वहीत आली. पाचव्यावर त्याचे फटके मी चार मोजायचो आणि तो म्हणायचा, “पाच लिही.” मी म्हणायचो चार झाले, तर तो म्हणायचा, “नाही रे, पाच. लिही तू.” दुसऱ्या कुणाला हा साधेपणा वाटला असता. मला वाटलं, वा! एक फटका उदारपणे वाढवायचा म्हणजे बॉल सरकवल्याचा कुणाला संशयच येणार नाही. असे कितीतरी लोक मी पाहिलेत, जे अर्धा हात सोडून दोन हात लाटतात.

घरी मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “एवढं वाटतंय तर विचारा की त्याला सरळ.” पण सरळ विचारणं मला कधीच जमलं नाही. माझ्या धंद्यात विचारून खरं कळत नसे, मोजूनच कळायचं.

याच काळात माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला बुधवार आला. त्या दिवशी हात नुसता चालत होता. पाचव्यावर तर माझा बॉल कधी नव्हे तो डावीकडे गेला. आता संपलं म्हणत मी टेकाड चढलो, आणि बॉल मोकळ्या गवतात! मी तिथून सुरेख मारला आणि चार फटक्यांत होल संपवला. मित्र माझं कार्ड लिहीत होता. त्याने विचारलं, “किती लिहू?” मी छाती काढून म्हणालो, “चार!” त्याची पेन्सिल जरा थांबली. मग त्याने चार लिहिले आणि शेवटी सही केली. ते कार्ड मी फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं. पेन्सिल थांबली हे मला तेव्हाच दिसलं होतं. मी त्याला मत्सर समजलो.

वर्षाअखेरीला बुधवारवाल्यांचा चषक असतो. पितळेचा, वीतभर उंचीचा. नऊ होल संपले तेव्हा तो माझ्यापेक्षा एका फटक्याने पुढे होता, आणि पाचव्यावर त्याचा बॉल पुन्हा सागांकडे जाऊन पुन्हा गवतात सापडला होता. त्याचं कार्ड माझ्या हातात होतं. पाचव्यासमोर त्याने सांगितलेले पाच. खाली माझ्या सहीची रिकामी जागा.

क्लबच्या पडवीत सगळे लिंबू सरबत पीत होते. मी कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, “मी सही करणार नाही. पाचव्यावर बॉल हलवलेला आहे. आजचाच नाही. माझ्याकडे वही आहे.”

बाई पायरीपाशी बॅगा पुसत होती, तिचा हात थांबला. मित्राने एकदा तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता भांडेल, आणि भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने कार्ड उचललं, घडी घालून खिशात ठेवलं. “राहू दे. नको करूस सही,” म्हणाला, आणि आपल्या स्कूटरवरून धसईला निघून गेला. सहीविना कार्ड बाद. चषक मला मिळाला.

पुढचे तीन बुधवार तो आला नाही. फोन उचलला नाही. मी स्वतःला सांगत होतो की चोर पकडला गेला की तोंड चुकवतोच. पण झोप लागत नव्हती. मोजणी पक्की असली की मला झोप लागते, आणि ही मोजणी तर पक्की होती.

चौथ्या बुधवारी मी एकटाच खेळलो, बरोबर फक्त बाई. पाचव्यावर मनात आलं, एकदा बघावंच, सागांत पडलेला बॉल आपोआप उडून गवतात येऊ शकतो का. मी मुद्दाम डावीकडे मारला, आणि टेकाडावर न चढता ओढ्याच्या काठाने वळसा घालून सागांच्या मागे पोचलो.

बाई दगडापाशी वाकली होती. बॉल दगडाला अगदी टेकून पडला होता. तिने बॅग लांब ठेवली होती, चपला काढल्या होत्या. पदराने बॉल उचलला, दगडाला हात लावून कपाळाला लावला, आठ-दहा पावलं चालत गेली आणि बॉल गवतात ठेवला.

“बाई!” मी ओरडलो. ती दचकली, पण पळाली नाही.

“हे काय केलंत?”

“तो वाघोबा देव हाय आमचा, साहेब,” ती म्हणाली. “त्याच्या पायाशी उभा ऱ्हाऊन लोखंड हानायचा? नाय. वाघबारशीला आमी त्याला नारळ देतो. आमची गुरं, पोरं त्याच्या जिवावर रानात फिरतात. तिथं कोनाचा पन बॉल पडला का मी बाजूला करते. मुंबईवाल्यांचा पन.”

“माझाही?”

“तुमचा एकदा पडलेला. तुमी लई खूश होतात त्या दिवशी.”

मी तिथंच बसलो.

“गुरुजींना माहीत आहे?”

“त्यांनी एकदा बघितला मला. बोलले, बाय, कोनाला बोलू नको, बॉलला हात लावला म्हनून तुझा काम जाईल. माझ्या बॉलचा काय तो मी बघतो, मी एक जास्ती मोजतो.” मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. “त्या दिवशी पडवीत मी बोलनार होती. त्यांनी डोळ्यांनी नको केला. साहेब, तुमी सांगनार काय क्लबात?”

मी नाही म्हणालो. समोर तो दगड होता. माझ्या नकाशात मी त्या जागी ‘दगड’ एवढंच लिहिलं होतं. त्याला शेंदूर तेव्हाही होता.

संध्याकाळी मी क्लबच्या सेक्रेटरीला गाठून सांगितलं, “पाचव्यावर माझी मोजण्यात चूक झाली. माझ्या मित्राने काही केलेलं नाही.” जन्मात हे वाक्य मी कुठल्याही कचेरीत उच्चारलं नव्हतं. सेक्रेटरी म्हणाला, झालं ते झालं, निकाल बदलत नाही. कारण सांगितलं असतं तर कदाचित बदलला असता. कारण सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धसईला गेलो. तो ओट्यावर वाल सोलत बसला होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, “बाईने सांगितलं वाटतं.”

“तू का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कधी?”

“विचारलं असतं तर सांगितलं असतंस?”

त्याने विचार केला. “तुला एकट्याला सांगितलं असतं. ट्रंक एकच होती ना रे आपली.”

मला रडू आलं. या वयात त्याची लाज वाटली, तरी आलं. मी माफी मागितली. त्याने माझ्यापुढे वालाच्या शेंगा सरकवल्या, आणि आम्ही दोघांनी मिळून सगळ्या सोलल्या. निघताना तो म्हणाला, “बुधवारी येतो.”

दिवाणखान्यातलं कार्ड मी उतरवलं. पाचव्यापुढच्या चारावर काट मारून पाच लिहिले आणि ते वहीत ठेवून दिलं. चषक कपाटात आहे, जुन्या नकाशांच्या मागे.

तो बुधवारी आला, आणि अजून येतो. पहिल्यासारखाच हसतो, माझ्या छत्रीच्या सरावाची टिंगल करतो. बाई सागांतला बॉल बाजूला ठेवते, आम्ही दोघंही गपचूप एक फटका जास्त लिहितो. सगळं पूर्वीसारखं आहे असं बघणाऱ्याला वाटेल. फक्त एक गोष्ट बदलली. त्याचा बॉल कुठंही पडो, पाचव्यावर किंवा दुसऱ्यावर, गवतात किंवा खड्ड्यात, तो बॉलपासून दोन पावलं लांब थांबतो आणि मला हाक मारतो, “ये रे, बघून घे.”

मी म्हणतो, “अरे, मार की तू.”

तो मारत नाही. माझा गुडघा दुखत असतो, मला यायला वेळ लागतो. मी येऊन बघेपर्यंत तो गोल्फची काठी हातात धरून तिथंच उभा राहतो.