दोरा तोडणारा दात

आमच्या ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. पुढच्या खोलीत शिवणकामाचं दुकान, मध्ये पडदा, मागे घर. छत्तीस वर्षं झाली. गळ्यात कात्री लटकत असली तरी दोरा तोडायचा तो दातानंच. वरच्या पुढच्या दाताला दोऱ्याच्या जाडीची खाच पडली होती. मागच्या वर्षी जाड कोटाचं बटण लावताना तो त्या खाचेपाशीच तुटला. मूळही चिरलेलं निघालं, तेव्हा सगळाच काढावा लागला.

तेव्हापासून हे पडद्याच्या मागे बसू लागले. माप घ्यायचं म्हणजे गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर उभं राहायचं. "हात सैल सोडा, श्वास धरू नका, पोट तुमचंच आहे, लपवून कुठे जाणार?" असं बोलत हे माणसांना हसवायचे. आता मी बाहेर जाऊन म्हणायची, "जुना शर्ट ठेवून जा, त्यावरून शिवतील." जुना शर्ट नसेल तो दुसरीकडे जायचा.

नणंद एकदा बोलून गेली, "दादा, एका दाताचं केवढं सुतक!" हे ताटावरून उठले.

शेवटी हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावायचं ठरलं. दातांची डॉक्टर आमच्या मुलीच्या वयाची. म्हणाली, "आधी रक्तातली साखर खाली आणा काका, मग बघू." दोन महिने बिनसाखरेचा चहा, पहाटे चालणं. साखरेचे आकडे मी रोज वहीत लिहीत गेले, त्याच्याखाली देवाचं नाव.

ऑपरेशनच्या दिवशी ह्यांनी शर्टाला स्वतः इस्त्री केली. भुलीचं इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरकडे बघून हळूच मला म्हणाले, "बाही एक बोट लांब आहे तिची." मग ते आत आणि मी बाहेर. यंत्राच्या घरघरीत माझा जप तीनदा चुकला.

घरी आल्यावर गालाला बर्फ, दोन उशा, सगळं गार आणि मऊ. थुंकायचंसुद्धा जपून. तिसऱ्या दिवशी सूज डोळ्याखाली चढली. चौथ्या दिवशी बॅटरी आणि आरसा घेऊन हे हिरडी बघत बसले. म्हणाले, "हात चांगला आहे पोरीचा. टाके सारखे पडलेत."

टाके काढले आणि तिनं वर तात्पुरता दात बसवला. "हा फक्त दिसण्यापुरता. हाडानं स्क्रू धरेपर्यंत चार महिने यानं काही चावायचं नाही, तोडायचं नाही."

मी विचारलं, "आणि दोरा?"

ती हसली. "दोरा तर मुळीच नाही, काकू."

त्या दिवशी हे बाहेर आले. समोरच्या सुताराचं माप घेताना मोठ्यांदा हसले. वहीत मी तेवढंच लिहिलं.

सहाव्या आठवड्यात शाळेच्या गणवेशांची घाई होती. मी स्वयंपाकघरात होते. मशीन थांबलं आणि टक् असा बारीक आवाज आला. तो आवाज मला झोपेतही ओळखता येईल. धावत गेले, तर ओठावर पांढरा दोरा आणि कात्री गळ्यात तशीच.

"अहो, हे काय!"

"हात पोचायच्या आत तोंडच गेलं गं."

"कितव्यांदा?"

ह्यांनी ओठावरचा दोरा काढला. म्हणाले, "डॉक्टरला सांगू नकोस. दुखत नाहीये. उगीच ओरडेल."

मी सांगितलं नाही. तो स्क्रू धरून ठेव, असं देवाला अकरा दिवस म्हणत राहिले. फोन मात्र बाजूलाच पडून होता, तो उचलला नाही. बाराव्या सकाळी चूळ भरताना रक्त आलं आणि दात जिभेखाली हलला.

डॉक्टरनं नुसता दोन बोटांनी फिरवला, तर स्क्रू दातासकट हातात आला. सैल झालेलं बटण निघावं तसा.

"हाडानं धरलंच नाही," ती म्हणाली.

"बारा दिवस आधी कळवलं असतं तर?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "कदाचित वाचला असता."

आता तिथलं हाडही झिजलंय. सहा महिने थांबायचं, हाड भरायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. नाहीतर काढघाल करायचा दात. ह्यांनी दोन्हीला मान हलवून नाही म्हटलं. वाटेत रुमाल तोंडावरून काढला नाही. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा पडद्यामागे गेली.

देवापुढे बसते, पण मागत काही नाही. मागायला तोंड कुठे आहे मला?

काल एक गिऱ्हाईक आलं. जुना शर्ट नाही म्हणालं आणि वळलं. काय वाटलं कोण जाणे, मी खिळ्यावरची टेप काढली. जन्मात कुणाचं माप घेतलं नव्हतं. खांद्याला टेप लावतेय तोच आतून आवाज आला, "कॉलरपासून मोजू नकोस. खांद्याचं हाड चाचप." मी आकडे सांगत गेले, हे आत लिहीत गेले.

"छाती?"

"बेचाळीस."

"आवाजावरून तर बारीक वाटतात. श्वास धरलाय त्यांनी, सोडायला सांग."

गिऱ्हाईक खळखळून हसलं. मी पडद्याकडे बघितलं. आतून हसण्याचा आवाज आला नाही. ह्यांनी फक्त विचारलं, "आता किती?"

"अडतीस," मी म्हणाले.