दुसरं बटण

शेठचा उजवा हात प्रेसखाली गेला तेव्हा मशीन मी बंद केली. तीन बोटं पत्र्याबरोबर चेपली होती. ते ओरडले नाहीत. "फडका दे गो बाय," एवढंच म्हणाले.

मुरबाडला त्यांची एक शेड होती. पत्रा ठोकून कापायच्या तीन प्रेस, आम्ही सहा बायका. पंख्याचे पत्र्याचे भाग काढून शेजारच्या मोठ्या कारखान्याला द्यायचो. म्हणायला शेठ, पण आमच्याबरोबर खोक्यावर बसून चहा प्यायचे. कुणी घाई केली की म्हणायचे, "नग हाय तो, भाकऱ्या नाय थापायच्या."

मग तो मोठा कारखाना परदेशी कंपनीने घेतला. पेपरात आलं, बाहेरचा पैसा आला की आजूबाजूचे छोटे कारखानेही सुधारतात, जास्त माल काढतात. माल वाढला खरा. कसा वाढला, ते विचारायला कुणी आलं नाही.

त्यांचा गोरा साहेब हातात घड्याळ घेऊन आमचं काम बघायला आला. आम्ही ठेवणीतल्या साड्या नेसलो. पाहुण्यासमोर शेठची मान खाली जायला नको म्हणून तासभर जीव तोडून हात चालवला. सगळ्यांत जास्त मी. साहेबाने हसून आकडा लिहून घेतला. पुढच्या महिन्यापासून तोच वेग, आठही तास. जमत नसेल तर काम दुसऱ्याला.

शेठ चहाला बसेनासे झाले. प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ठोका पडायचा, म्हणून हात बाहेर राहायचे. शेठनी एका बटणात पाचर मारून ते कायमचं दाबून ठेवलं.

"एका हाताने दाबा, दुसऱ्याने पत्रा सरकवा."

"मी नाय बसत," मी म्हटलं. "तुमच्या बायकोला बसवा."

"ती सुपारी कातरताना बोट कापते."

सगळ्या हसल्या, पण बसली कुणीच नाही.

"मग मीच बसतो गो. बघा, काय होत नाय."

दुपारच्या आतच झालं.

दवाखान्यातून आल्यावर त्यांनी डाव्या हाताने ती पाचर उपटून फेकली. माल कमी पडला. कंपनीने काम काढून घेतलं, चौकशीलाही कुणी आलं नाही. शेडला कुलूप लावताना शेठनी विचारलं, "त्या साहेबापुढं येवढा जोर कशाला लावलास गो?"

"तुमच्यासाठीच, शेठ."

"ता मला म्हायती हाय," ते म्हणाले.

शेठ त्यानंतर चार वर्षं जगले. आम्हा सहाजणींतल्या पाचजणी अजून आहोत, दहाही बोटांसकट.